ब्लॉगस्पॉटवरचा मराठी ब्लॉग वर्डप्रेसवर नेताना: आधी पत्ते, मग मजकूर

ब्लॉगरमधून (ब्लॉगस्पॉट चालवणाऱ्या गुगलच्या सेवेतून) मजकूर उतरवून वर्डप्रेसमध्ये चढवणे हे तासाभराचे काम आहे. खरे काम त्यानंतर सुरू होते. दहा-बारा वर्षांत तुमच्या लेखांचे दुवे व्हॉट्सॲपवर फिरलेले असतात, दुसऱ्यांच्या ब्लॉगवर दिलेले असतात, विकिपीडियाच्या तळटिपांत गेलेले असतात. त्या प्रत्येक दुव्यावरून येणारा वाचक नव्या जागी नेमक्या त्याच लेखावर पोहोचला पाहिजे. तो ‘पान सापडले नाही’ या पाटीशी थांबला, तर लेख नव्या घरात सुखरूप असूनही त्याच्यापुरता हरवलेलाच असतो.

मराठी ब्लॉगांच्या बाबतीत यात एक जास्तीची अडचण आहे आणि इंग्रजी ब्लॉगांसाठी लिहिलेल्या सूचनांमध्ये तिचा उल्लेख नसतो. ब्लॉगर शीर्षकावरून पत्ता तयार करतो, पण त्यात फक्त रोमन अक्षरे घेतो. शीर्षक पूर्ण देवनागरीत असेल तर हाती काहीच उरत नाही, आणि पत्ता ‘/२०१२/०३/ब्लॉग-पोस्ट.एचटीएमएल’ असा बनतो. (प्रत्यक्षात तो रोमन अक्षरांत असतो.) त्या महिन्यातल्या पुढच्या लेखाला ‘ब्लॉग-पोस्ट_१७’, ‘ब्लॉग-पोस्ट_२३’ अशी शेपटी लागते. एप्रिल उजाडला की पुन्हा ‘ब्लॉग-पोस्ट’, कारण ब्लॉगरला पत्ता फक्त त्या महिन्यापुरता वेगळा असला तरी चालतो. वर्डप्रेसला मात्र लेखाचे पत्त्यातले नाव, म्हणजे स्लग, सगळ्या लेखांत एकमेव लागते. त्यामुळे ‘पर्मालिंकची (लेखाच्या कायमच्या पत्त्याची) रचना ब्लॉगरसारखी ठेवा, जुने दुवे आपोआप चालतील’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला मराठी ब्लॉगला लागू पडत नाही. इथे जुन्या-नव्या पत्त्यांची यादीच करावी लागते. ती कशी करायची ते पुढे येईलच.

उतरवून घेणे

ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज ब्लॉग’ या भागात ‘बॅक अप कंटेंट’ आहे. तिथून एक्सएमएल फाइल मिळते, किंवा गुगल टेकआउटकडे (आपला डेटा उतरवून घेण्याच्या गुगलच्या सोयीकडे) नेले जाते. टेकआउटमध्ये फक्त ‘ब्लॉगर’ निवडा. येणाऱ्या झिप फाइलमध्ये ब्लॉगच्या नावाच्या फोल्डरात ‘फीड.ॲटम’ असते. दोन्हींत लेख, पाने, प्रतिक्रिया आणि मसुदे येतात. फोटो मात्र या फाइलमध्ये नसतात, फोटोंचे फक्त पत्ते असतात. फाइल काही एमबींचीच निघाली म्हणून घाबरू नका, आणि तेवढ्यावर सगळा ब्लॉग हाती आला असेही समजू नका.

थीमचा (ब्लॉगच्या दिसण्याच्या साच्याचा) बॅकअप वेगळा घ्या. पुढे जुन्या ब्लॉगवर वाचकांना नव्या जागी पाठवणारी स्क्रिप्ट घालताना काही चुकले तर तोच उपयोगी पडेल. उतरवलेल्या मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची एक प्रत करा आणि सगळी दुरुस्ती त्या प्रतीत करा.

याच वेळी चार आकडे वहीत लिहून ठेवा: प्रकाशित लेख किती, मसुदे किती, पाने किती, प्रतिक्रिया किती. शेवटचा हिशेब यांच्याशीच जुळवायचा आहे.

प्रतीतली साफसफाई

नोटपॅड प्लस प्लससारख्या मजकूर-संपादकात प्रत उघडा. फाइल यूटीएफ-८ (देवनागरी जपणाऱ्या एन्कोडिंग) मध्येच राहू द्या. वर्डमध्ये उघडून सेव्ह केलीत तर फाइल वाया जाईल. शोधा-आणि-बदला वापरून तीन गोष्टी इथेच उरकता येतात.

पहिली फोटोंची. ब्लॉगरच्या फोटोच्या पत्त्यात मध्येच ‘/एस३२०/’, ‘/एस४००/’, ‘/एस६४०/’ असा भाग असतो. तो फोटोचा आकार सांगतो. लेखात दिसतो तो छोटा फोटो आणि टिचकी मारल्यावर उघडतो तो ‘/एस१६००/’. हे लहान आकार बदलून सगळीकडे ‘/एस१६००/’ करा, म्हणजे नव्या ब्लॉगवर मोठे फोटो उतरतील. ‘/एस०/’ टाकले की मूळ आकार मिळतो, पण मोबाइलवरून चढवलेले फोटो प्रत्येकी चार-पाच एमबींचे असू शकतात आणि होस्टिंगची (ब्लॉग ठेवण्यासाठी घेतलेल्या सर्व्हरची) जागा बघता बघता भरते. वाचनासाठी १६०० पिक्सेल पुरेसे आहेत. फोटोंचा ब्लॉग असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या लेखांत ‘/एस१६००-एच/’ असाही प्रकार आढळतो. तो दुवा फोटोचा नसून फोटो दाखवणाऱ्या पानाचा असतो, त्यामुळे फोटो ओढणारे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचे साधन) तिथे अडखळते. त्यातला ‘-एच’ काढून टाका.

दुसरी गोष्ट ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ची. २०१२ च्या जानेवारीपासून भारतातून ब्लॉग उघडला की पत्ता आपोआप डॉट-इनचा व्हायचा. गुगलने २०१८ मध्ये ही पद्धत थांबवली, आणि २०२० मध्ये ते डोमेनच गुगलच्या हातून गेले. मधल्या वर्षांत तुम्ही स्वतःच्या जुन्या लेखाचा दुवा पत्तापट्टीतून उचलून नव्या लेखात चिकटवला असेल, तर तो आज मेलेला आहे. फाइलमध्ये तुमच्या ब्लॉगच्या नावासकट डॉट-इन शोधा आणि डॉट-कॉम करा. दुसऱ्यांच्या ब्लॉगांचे डॉट-इन दुवेही याच पद्धतीने जिवंत होतात.

तिसरी गोष्ट अक्षरांची. ‘दऱ्या’, ‘कऱ्हाड’, ‘सुऱ्या’ यांतला चंद्रकोरीसारखा र दोन प्रकारे टाइप होतो: काही साधने ‘ऱ’ला हलन्त जोडतात, काही साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे न दिसणारे जोडचिन्ह जोडतात. तसेच ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीचे लेख, आणि नंतरचेही बरेच, ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेले आहेत. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण ब्लॉगच्या शोधपेटीत ‘ॲप’ लिहिले की जुने लेख सापडतीलच असे नाही. दोन्ही अक्षरांची एकेक पद्धत ठरवून फाइलभर बदला. दहा मिनिटांचे काम आहे. नंतर डेटाबेसमध्ये हेच करणे जास्त जोखमीचे.

वर्डप्रेसची तयारी

आयात करण्याआधी चार सेटिंग्ज लावून घ्या.

वेळेचा पट्टा ‘कोलकाता’ ठेवा. ब्लॉगरवर कित्येकांचा वेळेचा पट्टा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचाच राहून गेलेला असतो. अशा ब्लॉगवर १ मे रोजी सकाळी टाकलेला लेख ३० एप्रिलच्या खात्यात गेलेला असतो, आणि पत्त्यातही ‘०४’ असते. वर्डप्रेसमध्ये तो मे महिन्यात दिसेल. महिना पाहून पत्ते हाताने जुळवायला बसणारे नेमके इथे चुकतात.

भाषा मराठी करा. महिन्यांची नावे मराठीत येतातच, शिवाय पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंद होते. नोटो सान्स देवनागरीसारखे फाँट ही नोंद पाहून मराठी वळणाचे ल आणि श दाखवतात.

‘रीडिंग’मध्ये शोधयंत्रांना दूर ठेवणारी खूण तात्पुरती करा. ही खूण शेवटी काढायची राहते आणि मग महिनोन्‌महिने ब्लॉग गुगलवर का दिसत नाही याचा शोध चालतो. ती काढायची आहे हे त्या वहीतच पहिल्या ओळीत लिहा.

पर्मालिंकची रचना निवडताना शेवटी ‘.एचटीएमएल’ ठेवू नका. ‘वर्ष/महिना/लेखाचे नाव’ किंवा नुसते ‘लेखाचे नाव’ चालेल. यामागचे कारण रीडायरेक्टच्या, म्हणजे जुने पत्ते नव्यांकडे वळवण्याच्या, वेळी कळेल.

आयात

‘टूल्स’मधल्या ‘इम्पोर्ट’मध्ये ब्लॉगरचा आयातक बसवा आणि दुरुस्त केलेली प्रत द्या. त्या पडद्यावरच चढवता येणाऱ्या फाइलची कमाल मर्यादा लिहिलेली असते. पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेला आहे तिची) मूळ मर्यादा २ एमबीच आहे. होस्टिंगच्या पॅनेलमधून ती ६४ एमबी करा, आणि स्क्रिप्ट चालण्याची वेळ ३० सेकंदांवरून ३०० वर न्या. मोठ्या ब्लॉगची आयात मध्येच थांबते ती बहुतेक या वेळेपायीच.

टेकआउटची फाइल आयातकाने नाकारली, तर वर्डप्रेस डॉट कॉमवर एक मोफत खाजगी ब्लॉग उघडून तिथल्या ब्लॉगर-आयातीतून प्रयत्न करा. तिथे मजकूर आला की त्याची वर्डप्रेसच्या स्वरूपातली निर्यात घेऊन आपल्या होस्टिंगवर आणता येते. वाट लांबची आहे, आणि जुन्या पत्त्यांची नोंद पुढे लागते ती या वाटेत राहिली की नाही हे आधी पाच लेखांवर तपासून घ्यावे लागते.

आयात झाली की लेखक कोण हे विचारले जाते. ब्लॉगरवरचे प्रत्येक नाव वर्डप्रेसमधल्या सदस्याशी जोडा. मग वहीतले चार आकडे पडताळा. मसुदे मसुदेच राहिलेत ना, हे विशेष पाहा. लेबले टॅग किंवा कॅटेगरी म्हणून येतात. ‘कविता’, ‘प्रवास’, ‘पाककृती’ अशी पाच-सात मोठी लेबले कॅटेगरी करावीत, बाकीची टॅग राहू द्यावीत. प्रतिक्रिया येतात, पण ब्लॉगर प्रतिक्रिया देणाऱ्यांचे ईमेल देत नाही. म्हणून नव्या ब्लॉगवर त्यांच्या नावांपुढे फोटो दिसणार नाहीत.

अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे किंवा टोप्या घातलेली लॅटिन अक्षरे दिसली, तर फाइल चुकीच्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झाली आहे. डेटाबेसमध्ये दुरुस्ती करत बसू नका. आयात पुसा, मूळ फाइलची नवी प्रत घ्या, पुन्हा सुरुवात करा.

फोटो

या क्षणी नव्या ब्लॉगवर सगळे फोटो दिसतात, आणि म्हणूनच फसगत होते. ते अजून गुगलच्याच सर्व्हरवरून येत असतात. ज्या दिवशी जुना ब्लॉग किंवा ते खाते जाईल, त्या दिवशी नव्या ब्लॉगवरचे फोटोही जातील.

बाहेरची चित्रे आपल्या मीडिया लायब्ररीत उतरवून दुवे बदलणारी प्लगइन वर्डप्रेसच्या भांडारात आहेत. आधी डेटाबेसचा बॅकअप घ्या, मग एकावेळी वीस-पंचवीस लेख चालवा. सगळे एकदम लावले की स्वस्त होस्टिंगवर प्रक्रिया अर्ध्यात तुटते, आणि कोणते लेख झाले, कोणते राहिले ते कळत नाही. काम संपल्यावर लेखांच्या मजकुरात ‘बीपी.ब्लॉगस्पॉट’ आणि ‘गुगलयूजरकंटेंट’ हे दोन शब्द रोमनमध्ये शोधा. एकही सापडता कामा नये. फोटो ज्या दुव्यात गुंडाळलेला असतो तो दुवाही बदलला आहे का, ते पाहा. कित्येक प्लगइन चित्र बदलतात आणि भोवतीचा दुवा तसाच ठेवतात.

टायनीपिक या फोटो ठेवण्याच्या सेवेवरचे फोटो २०१९ मध्ये ती सेवा बंद झाली तेव्हाच गेले. वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात त्या लेखाचा जुना ठसा असला, तर कधी कधी फोटो मिळतो. प्रयत्न करून पाहावा.

पत्त्यांची यादी

ब्लॉगरचा आयातक प्रत्येक लेखाबरोबर त्याचा जुना पत्ता डेटाबेसच्या ‘पोस्टमेटा’ तक्त्यात ‘ब्लॉगर_पर्मालिंक’ या नावाने ठेवतो. सगळी मदार या नोंदीवर आहे. होस्टिंगच्या पॅनेलमधले पीएचपी-मायॲडमिन हे डेटाबेस पाहण्याचे साधन उघडा, त्या तक्त्यातून या नावाच्या ओळी निवडा, आणि लेखाचा क्रमांक व जुना पत्ता हे दोन स्तंभ सीएसव्ही (स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी फाइल) म्हणून काढा.

आता स्प्रेडशीटमध्ये पहिला स्तंभ जुना पत्ता, दुसरा स्तंभ नवा. नव्या पत्त्याच्या जागी लेखाचा सुंदर पर्मालिंक न लिहिता वर्डप्रेसचा क्रमांकाचा पत्ता लिहा, म्हणजे प्रश्नचिन्ह, ‘पी’, बरोबरचे चिन्ह आणि लेखाचा क्रमांक. वर्डप्रेस त्यावरून स्वतःच योग्य पर्मालिंककडे नेतो. एक उडी जास्त पडते, पण पुढे स्लग बदलले तरी यादी शिळी होत नाही. ही सीएसव्ही ‘रीडायरेक्शन’ नावाच्या प्लगइनमध्ये आयात करा.

पर्मालिंकमध्ये ‘.एचटीएमएल’ नको म्हटले ते याचसाठी. एखाद्या लेखाचा नवा पत्ता जुन्यासारखाच तंतोतंत निघाला, तर यादी त्याला क्रमांकाकडे पाठवते, वर्डप्रेस क्रमांकावरून पुन्हा त्याच पत्त्याकडे, आणि ब्राउझर ‘फार वेळा रीडायरेक्ट झाले’ म्हणून हात टेकतो. रचनाच वेगळी असली की हा भोवरा तयार होत नाही.

यादीतले रीडायरेक्ट सुरुवातीला ३०२, म्हणजे तात्पुरते ठेवा आणि पडताळून झाल्यावर ३०१, म्हणजे कायमचे, करा. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो. यादीत चूक असेल तर दुरुस्तीनंतरही तुम्हाला तीच चूक दिसत राहते. प्लगइनमध्ये प्रश्नचिन्हापुढचा भाग दुर्लक्षित करण्याचा पर्याय आहे, तो निवडा. मोबाइलवरून पाठवलेल्या ब्लॉगरच्या दुव्यांना ‘?एम=१’ अशी शेपटी असते, आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे दुवे बहुतेक याच प्रकारचे.

लेखांखेरीज आणखी तीन प्रकारचे पत्ते यादीत हवेत. स्थिर पाने ‘/पी/’ने सुरू होतात. लेबलांची पाने ‘/सर्च/लेबल/’खाली असतात. फीडचा (नवे लेख वाचकांपर्यंत आपोआप पोहोचवणाऱ्या यादीचा) पत्ता ‘/फीड्स/पोस्ट्स/डीफॉल्ट’ असतो, तो वर्डप्रेसच्या ‘/फीड/’कडे वळवा.

आता स्लग. वर्डप्रेस देवनागरी स्लग स्वीकारतो, पण डेटाबेसमध्ये त्याला २०० अक्षरांचीच जागा आहे, आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह त्यात नऊ जागा खाते. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हे. ‘कोकणातल्या पावसाळ्यातल्या रानभाज्या’ या शीर्षकाचा स्लग ‘कोकणातल्या-पावसाळ्यातल्’ इथे, अर्ध्या अक्षरावर तुटतो आणि रानभाज्या बाहेरच राहतात. शिवाय असा दुवा चिकटवला की बऱ्याच ठिकाणी टक्केचिन्हांची लांबच लांब माळ दिसते. सगळ्या लेखांचे स्लग हाताने लिहिणे कोणालाच जमत नाही, पण ब्लॉगरच्या आकडेवारीत सर्वाधिक वाचले गेलेले पन्नास लेख काढून त्यांना तीन-चार शब्दांचे रोमन स्लग जरूर द्या. उरलेल्यांना देवनागरीत राहू द्या.

लेखांच्या आतले स्वतःचेच दुवे ‘बेटर सर्च रिप्लेस’ या प्लगइनने बदला. त्यात आधी कोरडी फेरी, म्हणजे काहीही न बदलता चाचणी, घेता येते. शोधायचा शब्द तुमच्या ब्लॉगच्या पूर्ण नावासकट असू द्या, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस दोन्ही प्रकारांत. नुसते ‘ब्लॉगस्पॉट डॉट कॉम’ बदलायला गेलात तर दुसऱ्यांच्या ब्लॉगांचे दुवेही मोडतील.

जुन्या दारावरची पाटी

ब्लॉग स्वतःच्या डोमेनवर असेल तर काम सोपे. आदल्या दिवशी डीएनएसमधला (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे ते सांगणाऱ्या नोंदींमधला) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद लक्षात ठेवण्याची मुदत, ३०० सेकंदांवर आणा. मग गुगलकडे नेणारी सीनेम नोंद आणि ‘२१६.२३९’ने सुरू होणाऱ्या चार ए-नोंदी काढून तिथे होस्टिंगचा आयपी द्या. वाचकांना बदल कळणारही नाही.

पत्ता ब्लॉगस्पॉट डॉट कॉमचाच असेल, तर तिथे सर्व्हर पातळीवरचा ३०१ तुमच्या हातात नसतो. एक युक्ती सांगितली जाते: ब्लॉगरमध्ये नवे डोमेन ‘कस्टम डोमेन’ म्हणून जोडायचे आणि मग डीएनएस आपल्या होस्टिंगकडे वळवायचा. ती चालते, पण डोमेन गुगलच्या सर्व्हरवर नाही हे ब्लॉगरला कळले की तो वाचकाला मध्येच थांबवतो आणि ‘हा ब्लॉग ब्लॉगरवर नाही, तिकडे जायचे का?’ असे विचारणारे पान दाखवतो. बरेच वाचक तिथूनच मागे फिरतात. त्यापेक्षा थीमच्या हेड भागात छोटी जावास्क्रिप्ट घालावी. पत्त्यातला डोमेननंतरचा भाग उचलायचा, पुढे नवे डोमेन लावायचे आणि वाचकाला तिथे पाठवायचे, एवढेच तिचे काम. पुढचे तुमची यादी पाहून घेते.

ही स्क्रिप्ट घालताना तीन ठिकाणी अडते. ब्लॉगरची थीम एक्सएमएल असते, म्हणून स्क्रिप्टमधले ‘अँड’चे आणि ‘पेक्षा लहान’चे चिन्ह एक्सएमएलच्या पद्धतीने लिहावे लागते, नाहीतर थीम सेव्हच होत नाही. ‘डायनॅमिक व्ह्यूज’ प्रकारची थीम असेल तर आधी साधी थीम लावा. आणि मोबाइल सेटिंगमध्ये ‘डेस्कटॉप’ निवडा. मोबाइलसाठी वेगळी थीम चालू राहिली तर तुमची स्क्रिप्ट फोनवर धावतच नाही. संगणकावर तपासून निश्चिंत झालात तरी फोनवरचे सगळे वाचक जुन्याच घरात राहतात. सेटिंग्जमध्ये ‘पोस्ट फीड रीडायरेक्ट’चा रकाना आहे, तिथे नव्या फीडचा पत्ता भरा.

जुना ब्लॉग खाजगी करू नका, पुसू तर मुळीच नका. दोन्हींनी ही पाटीच निघून जाते. पुसलेला ब्लॉग ९० दिवसांच्या आत परत आणता येतो, त्यानंतर नाही.

उघडल्यावर

शोधयंत्रांना रोखणारी खूण काढा. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये नवे डोमेन जोडून साइटमॅप, म्हणजे ब्लॉगच्या पानांची यादी, द्या. २०२० मधल्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेस तो स्वतःच बनवतो.

दिसण्यातल्या दुरुस्त्या सावकाश करता येतील. जुने लेख ‘क्लासिक’ ब्लॉकमध्ये उघडतात, ते तसेच राहिले तरी बिघडत नाही. वर्डमधून चिकटवलेल्या लेखांत फाँट आणि आकाराच्या सूचना मजकुरातच रुतलेल्या असतात, त्या काढल्याशिवाय नवी थीम नीट दिसत नाही. मात्र सरसकट साफसफाई करणारे साधन कवितांवर चालवू नका. ओळ तोडणाऱ्या खुणा गेल्या की कवितेचा परिच्छेद होतो, आणि मूळ कडवी कुठे तुटत होती हे कवीखेरीज कोणी सांगू शकत नाही. थीममध्ये अक्षरांतले अंतर शून्य ठेवा, ते वाढवले की शिरोरेषा तुटते. ओळींची उंची १.६ ते १.८ असू द्या, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडणार नाहीत. मुक्त किंवा टिरो देवनागरी मराठी हे फाँट मोफत आहेत आणि लांब वाचनाला चांगले आहेत.

पहिला महिना रोज, नंतर आठवड्यातून एकदा, रीडायरेक्शन प्लगइनमधली ४०४ ची, म्हणजे न सापडलेल्या पानांची, नोंदवही पाहा. यादीतून सुटलेला प्रत्येक जुना पत्ता तिथे येतो, आणि तिथूनच यादीत घालता येतो. ज्या गुगल खात्यावर जुना ब्लॉग आहे, त्यात वर्षातून एकदा तरी लॉगिन करा. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे गुगलचे धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू आहे, आणि खाते गेले की ती पाटीही जाईल. मूळ एक्सएमएल आणि फोटोंची झिप दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, त्यांपैकी एक जागा घरातली हार्ड डिस्क असू द्या.